प्रतिपक्षाविना वक्तृत्व

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत वक्तृत्व स्पर्धेचा साचा ठरलेला असतो. विषय आठ-दहा दिवस आधी फळ्यावर लागतो, भाषणाला चार-पाच मिनिटे मिळतात, वेळ संपत आल्याची एक घंटा आणि संपल्याची दुसरी. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर उच्चार, विषयाची मांडणी, आवाजातील चढउतार, हावभाव आणि एकूण प्रभाव असे रकाने असतात. त्या मुलाला कोणी काही विचारले का आणि त्याने काय उत्तर दिले, याचा रकाना मात्र नसतो, कारण विचारणारा कोणी नसतोच. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या क्रमांकाला बोलवायचे. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की वक्तृत्व म्हणजे एकट्याने न अडखळता बोलणे, हीच त्याची व्याख्या होऊन बसली. विद्यार्थ्यांच्या सभांची आपल्याकडची सुरुवात पाहिली तर चित्र वेगळे दिसते. त्या सभांत बोलणे हा कामाचा अर्धा भाग होता आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे झालेल्या बोलण्याची तपासणी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपण पहिला अर्धा भाग सांभाळला, सजवला, त्याला करंडक दिले. दुसरा हळूहळू हातातून निसटू दिला. तो का निसटला याची कारणे इतिहासात सापडतात, आणि ती मुलांच्या आळसाशी किंवा मोबाइलशी फारशी निगडित नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आधी मराठी मुलुखात सार्वजनिक बोलणे नव्हते असे म्हणता येणार नाही. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्वविचार मांडत आणि उत्तररंगात आख्यान रंगवत; देवळाचा सभामंडप भरून जाई. पण कीर्तनात श्रोता उठून बुवांना अडवत नाही. अडवण्याची परंपरा होती ती शास्त्रार्थाची. ती पुढेही टिकली: पुण्यात १८७० साली विधवांच्या पुनर्विवाहाला शास्त्राचा आधार आहे की नाही, यावर शंकराचार्यांच्या समोर दोन्ही बाजूंच्या शास्त्र्यांचा वाद कित्येक दिवस चालला. विष्णुशास्त्री पंडित यांनी पुनर्विवाहाच्या बाजूने किल्ला लढवला आणि निर्णय विरोधात गेला. या वादात प्रश्न-उत्तरे होती, आधार मागितले जात होते. पण आधार म्हणजे ग्रंथवचन, आणि तोंड उघडण्याचा अधिकार मोजक्या जन्मसिद्ध पंडितांना. मुंबईत त्याआधीच आणखी एक प्रकार सुरू झाला होता. १८३०च्या सुमारास जॉन विल्सन या मिशनऱ्याशी शास्त्र्यांचे जाहीर वाद झाले, मोरभट दांडेकरांनी हिंदुधर्माच्या बाजूने ग्रंथ लिहिला. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना उत्तरे देत उभे राहिले. तिथे वाळूवर जमलेला कोणीही माणूस ऐकू शकत होता. त्या वादांचा वृत्तान्त पुढे पुस्तकरूपाने छापला गेला, म्हणजे घरी बसलेल्यालाही दोन्ही बाजू ताडून पाहता येत होत्या. तेव्हा मराठी समाजाला वाद परका होता, तो साहेबाने आणून दिला, हा समज टिकत नाही. नवी होती ती एवढीच गोष्ट: शिकत असलेल्या पोरांनी वाद करायचा.

ती गोष्ट १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घडली. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी तिच्या आघाडीवरच्या तरुणांपैकी एक. या सोसायटीच्या देशी भाषांतल्या शाखा लगेच निघाल्या: गुजरातीसाठी ज्ञानप्रसारक मंडळी आणि मराठीसाठी ज्ञानप्रसारक सभा. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे होते. कामाची पद्धत साधी होती. एका सभासदाने निबंध लिहून आणायचा, सर्वांसमोर वाचायचा आणि मग त्यावर चर्चा व्हायची. ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणाऱ्या गोविंद नारायण माडगावकरांनी अशाच सभांत कर्जाचे दुष्परिणाम, स्वच्छता अशा रोजच्या जगण्यातल्या विषयांवर निबंध वाचले. हे विषय आज वाचताना बाळबोध वाटतील. पण लग्नकार्यासाठी काढलेले कर्ज ही त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरची गोष्ट होती, आणि वाचणाऱ्याला ठाऊक होते की खाली बसलेला माणूस उठून स्वतःच्या घरातला दाखला देऊन आपले म्हणणे खोडू शकतो. अशा जागी शोभेची वाक्ये फार वेळ तग धरत नाहीत.

या पद्धतीतून काय निघू शकते याचा सर्वांत ठळक पुरावा १८४९ सालचा आहे. बेहरामजी गांधी या तरुण सभासदाने सोसायटीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्यावर बोलणे झाले, आणि प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ते बोलणे एका सरळ प्रश्नावर येऊन ठेपले: मुलींना शिकवले पाहिजे असे तुम्हा सर्वांना वाटते, तर शिकवणार कोण? त्याच वर्षी या तरुणांनी पारशी आणि हिंदू मुलींसाठी शाळा उघडल्या. सुरुवातीला वर्ग भरवायला जागा लोकांच्या घरांतून मिळवली, शिकवायला स्वतः उभे राहिले, तेही आपला अभ्यास आणि नोकरी सांभाळून, मोबदला न घेता. दारोदार जाऊन आईबापांची समजूत घालताना ठिकठिकाणी बोलणी खाल्ली. आजच्या स्पर्धांत ‘स्त्रीशिक्षण काळाची गरज’ या विषयावर दर वर्षी शेकडो भाषणे होतात आणि त्यांत चांगल्या भाषणांची वाण नसते. तरी त्या निबंधाचे आणि या भाषणांचे नाते फार दूरचे आहे. बेहरामजींच्या निबंधानंतर ऐकणाऱ्यांवर काही जबाबदारी येऊन पडली, कारण सभेला उत्तर देण्याची सवय होती. आजच्या भाषणानंतर निकाल लागतो.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. या सभा काही मोकळ्या विचारांचे नंदनवन नव्हत्या. धर्म आणि राजकारण हे विषय तिथे वर्ज्य होते. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात डेरोझिओ या शिक्षकाच्या शिष्यांनी धर्मावर उघड वाद घातले तेव्हा काय झाले, हे सर्वांसमोर होते. १८३१ साली डेरोझिओला कॉलेज सोडावे लागले. मुंबईकरांनी सावधपणा पत्करला. परिणाम असा की जातिभेद मोडण्याची चर्चा ज्यांना करायची होती त्यांना परमहंस सभा गुप्तपणे भरवावी लागली, आणि गुप्ततेचा कोष फुटताच ती सभा विस्कटली. दुसरे म्हणजे या सभांत कोण होते? पांढरपेशा घरांतले, इंग्रजी शिकलेले मुलगे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने ब्राह्मणी धर्माला थेट प्रश्न विचारले होते. वक्तृत्व म्हणजे प्रतिपक्षाला उत्तर द्यायला भाग पाडणे असेल, तर त्या दशकातला विद्यार्थ्याने केलेला सर्वांत समर्थ युक्तिवाद हाच. पण तिला उभे राहून तो मांडता येईल असे व्यासपीठ एल्फिन्स्टनच्या सभेत नव्हते. पुढे सत्यशोधक समाजाने १८७३ नंतरच्या आपल्या पहिल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांसाठी निबंधाच्या आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा घेतल्या, त्या याच उणिवेमुळे. म्हणून त्या काळाकडे परत चला असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या सभांची दारे अरुंद होती. आत चालणारी रीत मात्र घेण्याजोगी होती. पुढच्या काळात दारे रुंदावली ही मोठीच कमाई झाली. दुःख एवढेच की दारे रुंदावत असताना ती रीत बाहेर पडली.

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणारी संस्था म्हणजे वक्तृत्वोत्तेजक सभा. उन्हाळ्याच्या सुटीत रोज एक व्याख्यान, हा पुण्याचा नेम त्यातून पडला आणि तो नमुना मग गावोगाव गेला. महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनावर या व्याख्यानमालांचे उपकार आहेत. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही अशांना इतिहास, अर्थकारण, विज्ञान हे विषय मराठीतून ऐकायला मिळाले ते इथेच. परंतु व्याख्यानमाला वाढली तसा एक बदल झाला. निबंध वाचणारा आणि ऐकणारे एकाच पातळीवर बसत होते. व्याख्याता उंच व्यासपीठावर गेला. श्रोत्यांची संख्या दहा-वीसवरून शेकड्यांत गेली की प्रत्येकाला प्रश्न विचारू देणे शक्य नसते, हे मान्य. तरी स्वतः रानडे यांच्या हाताखाली जी पिढी तयार झाली ती व्याख्यानापेक्षा तपासणीतून तयार झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडून रानडे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लेख लिहवून घेत, आकडे पुन्हा तपासायला लावत, मसुदे बदलायला लावत.

गोखल्यांचे उदाहरण या विषयाला फार जवळचे आहे. तरुणपणी त्यांनी ब्रिटिश वक्ता एडमंड बर्क याचे लांबच लांब उतारे पाठ केले होते. म्हणजे पाठांतराचा संस्कार त्यांच्यावर भरपूर होता. १८९७ साली ते हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. ती साक्ष उत्तम झाली, कारण उलटतपासणीला तोंड देण्याची तयारी त्यांनी केली होती. त्याच मुक्कामात पुण्याच्या प्लेगबंदोबस्तातल्या सैनिकांच्या वर्तनाबद्दल हिंदुस्थानातून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी एक गंभीर आरोप जाहीर केला, आणि पुरावा मागितला गेला तेव्हा तो त्यांना देता आला नाही. मुंबईत परत आल्यावर त्यांनी माफी मागितली. पुणेकरांनी त्यांना त्याबद्दल बरेच सुनावले. माझ्या मते त्या माफीत दुबळेपणा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली: बोललेल्या शब्दाला पुरावा लागतो हे तत्त्व स्वतःविरुद्ध लागू करणारा माणूस त्यात दिसतो. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर त्यांनी केलेले भाषण गाजले ते शिलकीच्या आकड्यांचा अर्थ त्यांनी सरकारलाच उलगडून दाखवला म्हणून. आवाजाची फेक हा त्यांचा गुण नव्हता. आजच्या गुणपत्रिकेवर त्यांना ‘प्रभाव’ या रकान्यात किती गुण पडले असते, कोण जाणे.

याच सुमारास वक्तृत्वाचा दुसरा, अधिक जोरकस नमुना पुढे आला. १८९३पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला, मेळे निघाले, मांडवात व्याख्याने होऊ लागली, त्यानंतर शिवजयंतीचे उत्सव आले. इथला श्रोता शंका घ्यायला जमलेला नव्हता. त्याला चेतवायचे होते. परक्या सत्तेविरुद्ध माणसे उभी करायची तर हे वक्तृत्व अपरिहार्य होते आणि त्याने इतिहास घडवला. त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. मात्र मुलांपुढे आदर्श म्हणून आता सभासद राहिला नाही, सभा जिंकणारा वक्ता आला. आणि सरकारने नेमक्या या टप्प्यावर विद्यार्थ्यांचे तोंड बंद करायला घेतले. १९०५ साली बंगालमध्ये कार्लाईल परिपत्रक निघाले, १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे रिझ्ले परिपत्रक आले. राजकीय सभांत भाग घेणारे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यावर कारवाई करायची, शाळांची अनुदाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या टांगणीला लावायच्या, असा त्यांचा रोख होता. तळेगावच्या समर्थ विद्यालयासारखी राष्ट्रीय शिक्षणाची शाळा १९१० साली सरकारने बंदच पाडली. ज्या मुख्याध्यापकाला शाळा चालवायची होती त्याने काय केले असेल, याचा तर्क कठीण नाही. स्नेहसंमेलने आणि भाषणे चालू ठेवायची, पण विषय निरुपद्रवी ठेवायचे: वक्तशीरपणा, वाचनाचे फायदे, थोरांची चरित्रे. अशा विषयांना प्रतिपक्ष नसतो. वक्तशीरपणाविरुद्ध कोण बोलणार? वादाला जागा ठेवलीच नाही की परिपत्रकाचे भय उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे भय गेले, विषयांची यादी मात्र जवळपास तीच राहिली, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत खेदाचे वळण वाटते. जयंत्या-पुण्यतिथ्यांची भाषणे हा शाळेचा वार्षिक क्रम बनला. दर १ ऑगस्टला राज्यभरातली मुले टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात. ती गोष्ट म्हणजे एका मुलाने शिक्षकाचा आरोप नाकारला याची गोष्ट आहे, आणि ती शिक्षकांनी लिहून दिलेल्या कागदावरून पाठ केलेली असते. आंतरशालेय स्पर्धा वाढल्या, फिरते करंडक आले, शाळेच्या नावलौकिकाचा प्रश्न झाला, आणि मग भाषण घरी कोणी लिहिले हे विचारायचे नाही असा अलिखित करारच झाला. दहावीला भाषेच्या शंभर गुणांपैकी वीस तोंडी परीक्षेसाठी ठेवले गेले, तेव्हा बोलणे अभ्यासक्रमात शिरल्यासारखे वाटले. पण २०१९च्या परीक्षेला हे अंतर्गत गुण काढून टाकले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या साऱ्या वादात निकालाची टक्केवारी आणि अकरावीचे प्रवेश हेच विषय होते. वर्षभर मुलांना बोलायला आणि उत्तर द्यायला शिकवले जाते की नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

पाठांतराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते टाळता येणार नाही. घरी पुस्तक नाही, घरची बोली शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, पाहुण्यासमोर मान वर करायची सवय नाही, अशा मुलीला पहिल्याच दिवशी उत्स्फूर्त वादात ढकलणे हा अन्याय आहे. पाठ केलेल्या भाषणातून तिच्या तोंडी घडीव वाक्ये बसतात, स्वतःचा आवाज मोठ्याने ऐकण्याची भीती मोडते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले आणि घरातल्या बायकांच्या टोमण्यांनी त्यांना सळो की पळो करून सोडले. ते निवेदन लिहून नेलेले होते. म्हणून ते उभे राहणे कमी धाडसाचे ठरत नाही. हे सगळे मान्य करूनही आक्षेपाला उत्तर आहे. रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. पुढे सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचे काम चालवताना त्यांना रोज माणसांना पटवावे लागले, विरोध ऐकून घ्यावा लागला. पाठांतर ही पहिली पायरी असेल तर दुसरी पायरी शाळेने बांधायला हवी, आणि आपल्याकडे पाचवीतले मूल जे करते तेच बारावीतला तरुण करतो; फक्त वाक्ये लांब होतात. शिवाय ज्या घरांत बोलण्याचे बळ आधीच आहे त्या घरांतली मुले तयार भाषण, शिकवणी, मोठ्या भावंडांची मदत यांच्या जोरावर पुढे जातात. लिहून आणलेले भाषण गरीब घरातल्या मुलांच्या बाजूचे आहे हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. प्रश्न विचारले गेले, तर ज्याने स्वतः विचार केला आहे त्याला निदान एक संधी मिळते.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. वादविवाद स्पर्धेत मुलाला चिठ्ठी टाकून बाजू देतात. त्याला जे पटत नाही तेच तो तावातावाने मांडतो. यातून वकिली चलाखी वाढते, सत्याची चाड कमी होते, असे म्हणतात. काही स्पर्धांत हे घडतेही. पण आपल्या न्यायशास्त्राने हा धोका केव्हाच ओळखून चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावे म्हणून चाललेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करणारी वितंडा. म्हणजे दोष प्रतिपक्ष असण्यात नाही, तो कशासाठी आहे यात आहे. न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडून पाहिली की त्या बाजूच्या माणसाला मूर्ख समजणे अवघड होते. हा संस्कार चलाखीच्या नेमका उलट आहे. आणि एकतर्फी भाषणाने सत्याची चाड वाढते याचा तरी पुरावा कुठे आहे? ज्याला कोणी कधीच अडवले नाही त्याला चुकीचा सनावळीचा आकडा, ऐकीव आख्यायिका, दुसऱ्याच्या नावावर खपवलेले वचन असे काहीही ठोकून द्यायची सवय लागते. शालेय भाषणांतून थोरांच्या नावाने फिरणारी बनावट वचने हा त्याचा रोजचा पुरावा आहे.

या दिशेने कसे जाता येते याचा महाराष्ट्रातला एक नमुना डॉ. आंबेडकरांच्या संस्थेत आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथल्या विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंट होती. जानेवारी १९५०मध्ये त्या पार्लमेंटपुढे बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले. ते तेव्हा देशाचे कायदामंत्री होते, बिल खऱ्या संसदेत अडकून पडले होते आणि बाहेर त्याविरुद्ध मोहीम चालू होती. वर्षाचा सर्वांत ज्वलंत प्रश्न, त्याचा कर्ता, आणि समोर विद्यार्थी, तेही सभागृहाच्या रूपात बसलेले. एल्फिन्स्टनच्या सभेने जो विषय दाराबाहेर ठेवला होता तो इथे आत आला, आणि त्या सभेत ज्यांना जागा नव्हती त्यांची मुले आत बसली होती.

राहिली व्यवहाराची अडचण. तीस-चाळीस स्पर्धक असतात, दुपारपर्यंत निकाल द्यायचा असतो, प्रत्येकाला प्रश्न कोण विचारणार? अडचण खरी आहे, पण ती स्पर्धेच्या मापाची आहे. पाच मिनिटांतली दोन मिनिटे कापून ती परीक्षकाच्या आणि मागच्या स्पर्धकाच्या एकेका प्रश्नाला दिली, तर वेळ तेवढाच लागतो. विषय असा निवडावा की दोन समंजस माणसांचे त्यावर खरोखर वेगळे मत असू शकेल: गावच्या धरणाचे पाणी उसाला द्यावे की नाही, शाळेत पहिलीपासून इंग्रजी माध्यम असावे की नाही, गणपतीच्या मिरवणुकीत डीजे बंद करावा की नाही. यांतल्या कुठल्याही विषयावर गावात मतभेद आहेत आणि मुलांनी ते घरी ऐकलेले आहेत. त्यावर मुले बोलू लागली की पालकांकडून, व्यवस्थापनाकडून, कधी पुढाऱ्याकडून तक्रार येईल, आणि खरा विरोध तिथून होईल. वेळेची सबब त्या विरोधापुढे ढाल म्हणून ठेवलेली असते. १८४९ साली मुलींच्या शाळेसाठी जागा मागत फिरणाऱ्या त्या तरुणांनाही तक्रारी ऐकाव्या लागल्याच होत्या, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले प्राध्यापक सरकारी नोकरीत होते.